नोकरी सांभाळून व्यवस्थापनाची पदवी: वर्गातलं कामावर कसं आणायचं

रविवारी वर्गात ‘डेलिगेशन’वर भरभरून बोलायचं आणि सोमवारी दुपारपर्यंत हाताखालच्या माणसाला दिलेलं काम परत स्वतःच्या टेबलावर ओढून घ्यायचं, हे अर्धवेळ एमबीए करणाऱ्यांच्या बाबतीत सर्रास दिसतं. माणूस हुशार असतो, गुणही चांगले पडतात. पण शेवटी त्याच्या टीमला विचारलं तर ‘पदवी झाली, बाकी आहे तसंच आहे’ असं उत्तर मिळतं. यात अभ्यासक्रमाचा दोष थोडा आणि तो वापरण्याच्या पद्धतीचा जास्त. पूर्णवेळ शिकणाऱ्याला शिकलेलं करून बघायला इंटर्नशिपची वाट पाहावी लागते. नोकरी करणाऱ्याला ती संधी दुसऱ्याच दिवशी मिळते. अर्धवेळ पदवीच्या बाजूने असलेली मोठी गोष्ट ही एवढीच. वेळ, झोप, ग्रंथालय, सुट्ट्या हे सगळं तिच्या विरोधात जातं. म्हणून पुढची सगळी आखणी त्या एका गोष्टीभोवती केली आहे.

फॉर्म भरण्याआधीची नोंद

प्रवेश घेण्यापूर्वी कामाच्या दहा दिवसांची नोंद ठेवा. दर अर्ध्या तासाला एक ओळ पुरे: काय केलं, कोणाबरोबर केलं आणि ते मीच करायला हवं होतं का. हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मुख्याधिकाऱ्यांच्या मागे बसून त्यांच्या दिवसाची अशीच नोंद केली होती. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपणारी निघाली. तासाभराहून जास्त चालणारी जेमतेम दहात एक. तुमचा दिवसही तुकड्यातुकड्यांचा निघेल. त्यात काही वावगं नाही, फक्त ते तुकडे कशाचे आहेत ते बघायचं.

त्यासाठी रॉबर्ट काट्झ यांची 1955 सालची विभागणी अजूनही कामाची आहे: तांत्रिक कौशल्य, माणसांशी वागण्याचं कौशल्य आणि संस्थेचं पूर्ण चित्र डोळ्यांसमोर ठेवण्याचं कौशल्य. नोंदीतल्या प्रत्येक ओळीपुढे यांपैकी एकाची खूण करा. नुकतीच बढती मिळालेल्या माणसाच्या नोंदीत बहुतेक ओळी पहिल्या गटात जातात, कारण तो अजून आधीच्या पदाचंच काम करत असतो. त्याला पदवीतून काय हवं ते इथेच कळतं.

मग तीन कौशल्यं निवडा, तीनच. ती समोरच्याला दिसतील अशा वागण्याच्या भाषेत लिहा. ‘नेतृत्वगुण वाढवायचे’ हे वाक्य फाडून टाका. ‘काम देताना तारीख, दर्जा आणि निर्णयाचा अधिकार एकाच वेळी स्पष्ट सांगायचा’, ‘आढावा बैठक चाळीस मिनिटांत, कोण काय करणार हे ठरवून संपवायची’, ‘माझ्या विभागाचं बजेट वित्त विभागाच्या मदतीशिवाय समजावून सांगता यायला हवं’, अशी वाक्यं चालतील. यादी तुमच्या वरिष्ठांना आणि हाताखालच्या दोघांना दाखवा. हाताखालची माणसं चौथी गोष्ट सुचवतील आणि बऱ्याचदा तीच पहिली असायला हवी होती असं दिसेल.

अभ्यासक्रम निवडताना

पहिला प्रश्न तासांचा. युरोपातल्या ईसीटीएस या क्रेडिट मोजण्याच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे वर्ग, वाचन, असाइनमेंट आणि परीक्षा धरून 25 ते 30 तासांचं काम. साठ क्रेडिटांची पदवी म्हणजे 1500 ते 1800 तास. आजारपण, घरची कार्यं आणि कामाचा हंगाम वजा जाता वर्षाला अभ्यासाचे 44 आठवडे हाती लागतात असं धरलं, तर दोन वर्षांत आठवड्याला 17 ते 20 तास पडतात. तीन वर्षांत तेच 11 ते 14. तुमच्या विद्यापीठाची क्रेडिट पद्धत वेगळी असली तरी हा भागाकार करूनच कालावधी ठरवा. पूर्णवेळ नोकरीबरोबर आठवड्याला 20 तास दोन वर्षं सलग देणारे लोक असतात, पण त्यांच्याकडे कामावर प्रयोग करायला ताकद उरत नाही आणि मग अर्धवेळ पदवीचा मुख्य फायदाच जातो. आमचा कौल तीन वर्षांच्या बाजूने आहे.

मान्यतेचं सोपं आहे. पदवी देणारं विद्यापीठ तुमच्या देशातल्या नियामक संस्थेच्या यादीत आहे का ते आधी पाहा. ते नसेल तर पुढचं काही बघू नका. एएसीएसबी, इक्विस आणि अॅम्बा ही आंतरराष्ट्रीय मानांकनं त्यानंतरची. यातली पहिली दोन संस्थेला दिली जातात आणि अॅम्बाचं मानांकन संस्थेच्या एमबीए कार्यक्रमांकडे पाहतं, एवढा फरक लक्षात ठेवा.

माहितीपत्रकात नसलेले प्रश्न मात्र फोन करून विचारा. किती गुण लेखी परीक्षेला आणि किती प्रकल्पांना? असाइनमेंटसाठी स्वतःच्या कामाच्या ठिकाणचा विषय घेता येतो का? पूर्णवेळ वर्गाला शिकवणारेच प्राध्यापक इथेही शिकवतात का? एखादं सेमिस्टर सोडावं लागलं तर क्रेडिट किती वर्षं टिकतात? गेल्या बॅचमध्ये सरासरी अनुभव किती वर्षांचा होता आणि लोक किती वेगवेगळ्या क्षेत्रांतले होते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. ऐंशी टक्के वर्ग एकाच उद्योगातला असेल तर चर्चेत सगळे एकमेकांच्या म्हणण्याला माना डोलावतात. इस्पितळाचा प्रशासक, कारखान्यातला शिफ्ट इन्चार्ज आणि सॉफ्टवेअर टीमची प्रमुख एकाच गटात असतील, तर ‘आमच्याकडे असं चालत नाही’ हे वाक्य दर तासाला ऐकू येतं आणि तिथूनच खरं शिकणं सुरू होतं.

साहेबांशी बोलणं

बरेच जण प्रवेश झाल्यावर वरिष्ठांना सांगतात, तेही सुट्टी मागण्यापुरतं. आधी बोला आणि तीन गोष्टी मागा: परीक्षेच्या आठवड्यात प्रवास नको, असाइनमेंटसाठी विभागाची आकडेवारी वापरायची परवानगी आणि वर्षातून एक असं काम जे तुमच्या विभागाच्या हद्दीबाहेर जातं. तिसरी मागणी सगळ्यांत मोलाची आहे आणि तिला खर्च शून्य. बदल्यात काय देणार तेही सांगा. दर सेमिस्टरला एका असाइनमेंटमधून विभागाचा एक खरा प्रश्न सोडवून देईन, हा सौदा बहुतेकांना पटतो. बोलणं झाल्यावर चार ओळींचा ईमेल पाठवा, कारण वरिष्ठांची बदली होऊ शकते.

कंपनी फी भरणार असेल तर करारातली तीन कलमं नीट वाचा: पदवीनंतर किती काळ राहणं बंधनकारक, मधेच सोडल्यास परतफेड पूर्ण की टप्प्याटप्प्याने कमी होणारी आणि विषय राहिला तर काय. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आठवड्याची घडी आणि प्रयोगवही

वेळापत्रकाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कामाच्या दिवसांत दीड तासाच्या दोन बैठका आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी तीन तासांची एक, वर्ग सोडून. त्या कॅलेंडरमध्ये मीटिंगसारख्या टाका. ‘वेळ मिळेल तसा’ केलेला अभ्यास सबमिशनच्या आदल्या रात्री होतो. वर्गाआधीचं वाचन वर्गानंतरच्या वाचनापेक्षा जास्त उपयोगी पडतं. दोन्हीला वेळ नसेल तर आधीचं करा.

वर्ग संपल्यावर त्याच दिवशी, वही मिटून, आठवेल तेवढं अर्ध्या पानात लिहा. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. आठवून लिहिण्याने तो कमी होतो. नोट्स पुन्हा वाचण्याने आपल्याला येतंय असं नुसतं वाटतं.

खरा भाग यापुढचा. प्रत्येक वर्गातून एकच गोष्ट उचला आणि ती पुढच्या पाच कामाच्या दिवसांत एकदा करून बघा. त्याची नोंद पाच ओळींत ठेवा. नमुना असा:

संकल्पना: काम सोपवताना अधिकारही सोपवणे.
प्रसंग: पुरवठादारांच्या दरांचं मासिक तुलनापत्रक.
काय करणार: नमुना आणि तारीख देणार, ‘पाच टक्क्यांपर्यंतच्या फरकावर मला न विचारता निर्णय घ्या’ असं सांगणार, मधे फक्त गुरुवारी चार वाजता एकदा बघणार.
काय झालं: बुधवारीच दोनदा जाऊन विचारलं. पत्रक वेळेवर आलं, पण दोन पुरवठादार राहिले.
पुढच्या वेळी: पुरवठादारांची यादी सुरुवातीलाच द्यायची. बुधवारी जाऊन काही हाती लागलं नाही, ते बंद.

चौथ्या ओळीत प्रामाणिकपणा नसेल तर वही निरुपयोगी. ‘छान झालं, सगळ्यांनी सहकार्य केलं’ अशा नोंदी सलग तीन आल्या, तर समजा की प्रयोग फार सोपे निवडले जात आहेत. आणि एका आठवड्यात एकच प्रयोग. उत्साहाच्या भरात बैठकीची पद्धत, कामाची वाटणी आणि फीडबॅक हे सगळं एकदम बदललं, तर टीम गोंधळते आणि कशाने काय झालं ते तुम्हालाही सांगता येत नाही.

कोणता विषय कामावर कसा न्यायचा

हिशेब आणि वित्त या विषयाची सर्वाधिक धास्ती असते आणि सर्वांत लवकर फळ त्याचंच मिळतं. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं सोडवून झाली की आपल्या विभागाचे आकडे घ्या. एक वस्तू 100 ला विकली जाते, प्रत्येक नगामागे बदलता खर्च 60 आणि महिन्याचा स्थिर खर्च 20,000 आहे असं समजा. नगामागे 40 उरतात, म्हणून 500 नगांवर ना नफा ना तोटा. आता विक्री विभाग म्हणतो, ‘दहा टक्के सूट द्या, दहा टक्के जास्त माल खपवतो.’ सूट दिल्यावर किंमत 90, उरणारे 30. महिन्याला 800 नग विकून आधी 12,000 नफा होत असेल, तर तेवढाच राखण्यासाठी आता 1067 नग विकायला हवेत, म्हणजे दहा नव्हे तर 33 टक्के जास्त. हे गणित बैठकीत, कागदावर, शांतपणे मांडता येणं हे व्यवस्थापकाचं कौशल्य आहे. सूत्र पाठ असणं नाही.

दुसरा हिशेब उधारीचा. येणी भागिले वर्षाची विक्री गुणिले 365, म्हणजे पैसे सरासरी किती दिवसांनी हातात येतात ते. नफा-तोटा पत्रकात नफा दिसतो आणि पगाराच्या तारखेला खात्यात पैसे नसतात, याचं कारण पुष्कळदा इथे सापडतं. बदलता खर्च आणि स्थिर खर्च यांची विभागणी करताना मात्र चूक होते: कायम कर्मचाऱ्यांचा पगार नगामागे वाटून तो बदलता धरला जातो, मग ‘उत्पादन कमी केलं की खर्च वाचेल’ असा उलटा निष्कर्ष निघतो. महिन्याला शंभर नग कमी केले तर हा खर्च खरोखर कमी होईल का, हा एकच प्रश्न विचारून विभागणी करा.

ऑपरेशन्समधून एकच सूत्र न्यायचं झालं तर लिटलचा नियम न्या. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये त्याची गणिती सिद्धता दिली. प्रलंबित कामं भागिले रोज निपटणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी वेळ. मंजुरीसाठी 60 अर्ज पडून आहेत आणि रोज 12 निघतात, तर नवीन अर्जाला सरासरी पाच दिवस लागणारच. कितीही ‘अर्जंट’ शिक्के मारले तरी. शिक्का मारलेला अर्ज पुढे जातो आणि बाकीच्यांचा वेळ वाढतो. येणारी आणि निपटणारी कामं साधारण सारखी असतील तोवर हा हिशेब चालतो. साठा रोज फुगत असेल तर आधी तो का फुगतोय ते शोधा. त्यासाठी एक अर्ज हातात घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्याबरोबर फिरा आणि प्रत्येक टेबलावर तो किती वेळ नुसता पडून होता ते लिहा. जिथे ढीग सर्वांत मोठा, तिथेच अडलंय. भलत्याच टेबलावर माणूस वाढवला तर ढीग फक्त मोठा होतो.

संख्याशास्त्रातून एक सावधगिरी शिकून घ्या, कारण ती माणसांवर बेतते. डॅनियल कानेमन इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. प्रशिक्षकांचा दावा असा, की शाबासकी दिली की पुढचं उड्डाण बिघडतं आणि ओरडलं की सुधारतं. प्रत्यक्षात फार चांगल्या किंवा फार वाईट कामगिरीनंतरची कामगिरी आपोआपच सरासरीच्या जवळ येते. ओरडण्याचा त्यात हात नसतो. विक्रीचा एक वाईट महिना बघून कोणाला फैलावर घ्यायचं आणि पुढचा महिना बरा गेला की स्वतःची पाठ थोपटायची, हे त्याच जातीचं. किमान बारा महिन्यांचे आकडे एका रेषेवर मांडल्याशिवाय ‘सुधारला’ किंवा ‘घसरला’ म्हणू नका.

आता माणसांचे विषय. इथे सर्वांत जास्त नासधूस होते. व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या शिकून आलेला माणूस टीममधल्या प्रत्येकाला प्रकार चिकटवत सुटतो आणि टकमन यांचे 1965 सालचे टीमच्या वाढीचे टप्पे वाचलेला माणूस साध्या भांडणाला ‘आपण दुसऱ्या टप्प्यात’, म्हणजे मतभेदांच्या टप्प्यात, ‘आहोत’ म्हणतो. हे शब्द वर्गातच ठेवावेत. टीमसमोर पुस्तकी शब्द वापरायचा नाही, हा नियम पदवी होईपर्यंत पाळा. लोकांना तुम्ही त्यांच्यावर प्रयोग करताय असं वाटलं की ते खरं बोलणं बंद करतात.

न्यायची ती फीडबॅक देण्याची साधी रीत. सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने रूढ केलेल्या मांडणीत तीन गोष्टी क्रमाने सांगायच्या: प्रसंग, वागणं, परिणाम. ‘तुम्ही जबाबदारीने काम करत नाही’ या वाक्यावर समोरचा माणूस फक्त स्वतःचा बचाव करू शकतो. त्याऐवजी: ‘मंगळवारच्या आढाव्याला तुमचा अहवाल अकराऐवजी साडेबाराला आला. त्यामुळे खरेदी विभागाने जुन्या आकड्यांवर ऑर्डर दिली. नेमकं काय अडलं होतं?’ शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसा. दहा सेकंदांची शांतता अवघड जाते आणि बहुतेक जण ती स्वतःच बोलून मोडतात, तेव्हा उत्तर कधीच मिळत नाही. ही रीत आधी चांगल्या कामावर वापरून बघा. ‘मस्त झालं’ ऐवजी काय मस्त झालं आणि त्याने कोणाचं काम सोपं झालं हे सांगण्याचा सराव झाला, की कठीण बोलणं कमी जड जातं.

मार्केटिंग आणि स्ट्रॅटेजी हे विषय बहुतेकांच्या अधिकाराबाहेरचे असतात, त्यामुळे त्यांचे प्रयोग करता येत नाहीत. कंपनीच्या मोठ्या निर्णयाची बातमी आली की, कारणं जाहीर होण्याआधी, आपल्या मते ती कोणती असतील हे एका परिच्छेदात लिहून ठेवा. एवढं पुरे.

केसची तयारी

केस म्हणजे निर्णयाच्या उंबरठ्यावर थांबलेली खरी परिस्थिती. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये एमबीए 1908 मध्ये सुरू झालं आणि 1920 च्या दशकात केसपद्धत तिथे रुजली. तिचा उपयोग होतो तो अपुऱ्या माहितीवर भूमिका घेण्याची सवय लागण्यासाठी. त्यामुळे तयारीही तशीच करायची.

पहिल्या वाचनाला पंधरा मिनिटं: सुरुवातीचा आणि शेवटचा परिच्छेद, मधली शीर्षकं, तक्ते. त्यातून तीन उत्तरं लिहा: निर्णय कोणी घ्यायचाय, कोणता आणि कधीपर्यंत. मग पूर्ण केस वाचा, पण हातात पेन्सिल आणि बाजूला कॅल्क्युलेटर ठेवून. तक्त्यातले आकडे मजकुरात केलेल्या दाव्याशी जुळतात का ते तपासा; ‘मागणी जोरात आहे’ म्हणणाऱ्या पात्राच्या विभागाची विक्री तीन वर्षं सपाट असल्याचं परिशिष्टात दडलेलं असतं. शेवटी एका पानात: माझा निर्णय, त्याची दोन कारणं, त्याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा आणि सोमवारी सकाळी करायचं पहिलं काम. विरुद्ध मुद्दा लिहिता आला नाही तर केस अजून कळलेली नाही.

त्या कंपनीचं पुढे काय झालं ते इंटरनेटवर शोधणं हा वेळ वाचवण्याचा मार्ग वाटतो. त्याने केसमधलं शिकण्यासारखं सगळं जातं, शिवाय त्या कंपनीने घेतलेला निर्णय बरोबरच होता असंही नाही. वर्गात दर तासाला एकदा बोलायचंच, असं ठरवा. बोलायची भीती असेल तर आकड्याने सुरुवात करा, कारण आकडा खोडायला समोरच्यालाही आकडाच लागतो. एक मर्यादा मात्र आहे: केसमध्ये माहिती गोळा करून, नीट बांधून समोर ठेवलेली असते. कामावर ती चार जणांच्या डोक्यात, दोन एक्सेल शीटमध्ये आणि एका नाराज माणसाकडे असते. ती काढून घेण्याचं कौशल्य केस शिकवत नाही.

ग्रुप असाइनमेंट

बहुतेकांना ही पदवीतली कटकट वाटते. पण बढती देण्याचा किंवा पगार कापण्याचा अधिकार नसताना, बरोबरीच्या आणि थकलेल्या लोकांकडून वेळेत काम करून घेणं यापेक्षा चांगला सराव अख्ख्या अभ्यासक्रमात दुसरा नाही. ज्याला इथे काम काढून घेता येतं, त्याला कामावर दुसऱ्या विभागाकडूनही काढून घेता येतं.

पहिल्या भेटीत विषयाला हात लावू नका. पाऊण तास कामाच्या रीतीवर घालवा आणि ठरेल ते एका पानावर उतरवा. कोणाला किती गुण हवेत? एकाला अव्वल यायचंय आणि दुसऱ्याला फक्त पास व्हायचंय, हे शेवटच्या आठवड्यात कळलं की भांडण ठरलेलं. प्रत्येक जण आठवड्याला किती तास देणार? सगळे तुकडे जोडून एकसंध लेख कोण करणार? याला सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून त्या व्यक्तीला लिहिण्याचा भाग कमी द्या. आतली तारीख सबमिशनच्या तीन दिवस आधीची ठेवा. आणि ठरलेला भाग आला नाही तर काय, हे राग नसताना ठरवा.

काम न करणारा एक जण बहुतेक गटांत असतो. मॅक्स रिंगेलमान यांनी दोरी ओढण्याच्या प्रयोगात पाहिलं होतं, की माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. त्यांचे निष्कर्ष 1913 मध्ये प्रसिद्ध झाले. यात माणसं जोडताना होणारा गोंधळ असतो आणि ‘माझं योगदान कोणाला दिसतंय’ ही भावनाही. दुसऱ्या कारणावर उपाय सोपा आहे: कामाचे तुकडे असे करा की प्रत्येकाखाली एकच नाव असेल आणि कच्चा मसुदा सगळ्यांना दिसेल अशा सामायिक फाइलमध्ये असेल. तरीही काही आलं नाही, तर आधी एकट्याला फोन करा, ग्रुपवर मेसेज टाकू नका. घरी कोणी आजारी असू शकतं. दुसऱ्यांदा छोटा, दोन दिवसांत होणारा भाग ठरवून द्या. त्यानंतर पहिल्या भेटीत ठरलेलं पान काढा. प्राध्यापकांकडे जाण्याची वेळ क्वचित येते आणि या पायऱ्या झालेल्या असतील तर ते ऐकतातही. रात्र जागून त्याचा भाग स्वतः करून टाकणं ही मात्र तीच जुनी सवय, जी मोडायला तुम्ही प्रवेश घेतलात.

आणखी एक. प्रत्येक गटात अकाउंट्सवाला आकडे करतो आणि जाहिरात क्षेत्रातली मुलगी प्रेझेंटेशन सजवते. गुण चांगले पडतात आणि कोणीच काही शिकत नाही. दर सेमिस्टरला एका विषयात तरी भूमिका बदला. आकडेवाला मांडणी करेल आणि मांडणीवाली आकडे, अकाउंट्सवाला फक्त तपासून देईल. चार-पाच गुण गेले तर गेले.

शेवटचा प्रकल्प

‘कर्मचाऱ्यांची प्रेरणा: एक अभ्यास’ या छापाचे विषय टाळा. ओळखीच्या शंभर जणांना गूगल फॉर्म पाठवायचा, रंगीत वर्तुळं काढायची आणि ‘प्रेरणा महत्त्वाची आहे’ असा निष्कर्ष काढायचा, यातून काही होत नाही. विषय अरुंद घ्या: ‘दुरुस्तीची तक्रार पहिल्या भेटीत न सुटण्याची कारणं’. यात मोजता येणारी एक गोष्ट आहे, तिच्या जुन्या नोंदी आहेत आणि ती सुधारली तर कोणाला तरी हवी आहे.

विषय पक्का करण्याआधी तीन खात्र्या. नोंदी खरोखर मिळतात का, म्हणजे फाइल उघडून बघितली का. ‘मिळतील’ या भरवशावर प्रकल्प महिनोन्महिने अडकतात. त्या प्रश्नाची जबाबदारी असलेला वरिष्ठ शिफारशी ऐकायला वेळ देणार का. आणि आकडेवारी वापरायची लेखी परवानगी आहे का; नावं, ग्राहकांचे तपशील आणि दर बदलून किंवा निर्देशांकात मांडून द्यायचे, हेही त्यातच लिहून घ्या. बदल करण्यापूर्वीचे किमान आठ-दहा आठवड्यांचे आकडे आधी घ्या. नंतर सुधारणा दिसली आणि आधीचं मोजमापच नसलं, तर परीक्षकही मानत नाहीत आणि साहेबही.

मधल्या वर्षातली अडचण

मधल्या वर्षात सगळं सोडून द्यावंसं वाटू लागतं. नवलाई ओसरलेली, शेवट दूर, कामावर वर्षअखेर आणि घरी कुरबुर सुरू झालेली असते. अशा वेळी सगळंच सोडण्यापेक्षा एक इलेक्टिव्ह पुढच्या सेमिस्टरवर ढकला. त्याची मुदत आणि नियम आधीच माहीत करून घेतले असतील तर निर्णय पाच मिनिटांत होतो. घरच्यांना सेमिस्टर सुरू होतानाच सबमिशन आणि परीक्षांच्या तारखा भिंतीवर लावून दाखवा, म्हणजे दर आठवड्याला नव्याने परवानगी मागावी लागत नाही. अवघड आठवड्यांत प्रयोगवही मात्र सुटू देऊ नका. वाचन बुडालं तर नंतर भरून काढता येतं, त्या आठवड्यातला प्रसंग पुन्हा येत नाही. मधेच नोकरी बदलली तर पहिले तीन महिने नव्या ठिकाणी प्रयोग करू नका, फक्त निरीक्षणाच्या नोंदी ठेवा.

दर सहा महिन्यांनी सुरुवातीची ती तीन वाक्यं घेऊन त्याच माणसांकडे परत जा, वरिष्ठ आणि हाताखालचे दोघं. ‘मी सुधारलो का?’ असं विचारलं तर लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘गेल्या महिन्यात मी काम देताना काय सांगायचं राहिलं, असं एखादं उदाहरण आठवतं का?’ असं विचारा. उदाहरण पटकन आठवलं तर ते वाक्य यादीत राहू द्या. बराच विचार करूनही आठवलं नाही, तर ते काढून दुसरं घ्या. अप्रेझलच्या वेळी किंवा नव्या पदाच्या मुलाखतीत पदवीचं नाव एकदा सांगून होतं. त्यानंतर विचारतात ते ‘काय केलंत?’ तेव्हा वहीतल्या तीन नोंदी निवडून जा: एक जमलेली, एक फसलेली आणि एक अशी, जिच्यातला आकडा साहेबांना आधीच माहीत आहे.